मागणं तिकडून यावं लागतं

मल्लेश्वरम, बेंगळूरु
१९ मार्च २०२५

प्रांजली,

आशीर्वाद आहेतच.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पत्ता शिवलीला मावशीकडून घेतला. कागदपत्रं पाठवायची आहेत असं तिला सांगितलं. ते अगदीच खोटं नाही, कारण आईच्या मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत सोबत जोडली आहे. इंग्रजी नावात त्यांनी एक अक्षर जास्तीचं घातलं होतं. दोन खेपा घालून दुरुस्त करून घेतलं.

जानेवारीत आई गेली तेव्हा तू चार दिवस आलीस, पण मावशीकडे राजाजीनगरला उतरलीस. इथे आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे बोलणं झालं नाही. निघताना दारात एवढंच म्हणालीस की आईचा फोन बंद करू नका. तो बंद केलेला नाही. रोज सकाळी माझ्या फोनशेजारी चार्जिंगला लावतो. अजून तिला मेसेज येतात. बहुतेक साड्यांच्या दुकानांचे असतात.

फोनबद्दल आणखी एक काम केलं आहे, ते कळवतो. माझ्याबरोबर सकाळी फिरायला बसवंत म्हणून एक गृहस्थ येतात. निपाणीकडचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, पण मलाच अण्णा म्हणतात. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "दामोदरण्णा, वहिनींच्या खात्यात कोणाकोणाला आत सोडलंय, बघितलास काय?"

मी म्हटलं, "आत म्हणजे कुठे?"

"खातं एकच असतंय. पण वाटेत कुठलं कुठलं ॲप विचारतंय, तुझे फोटो बघू काय, कॅलेंडर बघू काय. आपण घाईत हो म्हणतो. माणूस जातो, पण ते हो तसंच राहतंय बघ."

हे मला पटलं. कारखान्यातून निवृत्त होताना 'काही येणे नाही' असा एक कागद भरून घेतात. हत्यारांची कोठी, ग्रंथालय, कँटीन, गेट, सगळीकडून सही आणावी लागते. माझ्या कागदावर सतरा सह्या होत्या. आईचं असं काही झालेलंच नव्हतं. म्हणून सोमवारी तिचा फोन घेऊन बसलो. कुलपाचे चार आकडे मला माहीत होते, आपल्या जुन्या क्वार्टरचा नंबर. बसवंतांनी जागा दाखवली आणि मी कागदावर तक्ता आखला. ॲपचं नाव, त्याला काय दिसतं, कधीपासून, निर्णय.

नऊ नावं निघाली. रांगोळीचे नमुने, पाककृती, औषधं मागवायचं एक, बसच्या वेळा. रंगीत गोट्या जुळवायचा एक खेळ होता. ती तो खेळायची हे मला ठाऊक नव्हतं. अकराशेबेचाळीस पायऱ्या झाल्या होत्या.

एकच नाव संशयास्पद वाटलं. 'किचनवॉल'. त्याला कॅलेंडर पाहायची आणि त्यात लिहायचीही परवानगी होती. १४ नोव्हेंबर २०१८ रोजी दिलेली. कंपनी परदेशातली. हे ॲप आईच्या फोनमध्ये कुठेच नव्हतं, म्हणजे कुणीतरी बाहेर बसून वापरत होतं. त्याला सगळ्यात आधी काढलं.

शिवाय बसवंतांच्या सांगण्यावरून दुहेरी खात्री चालू केली. आता कुणी नव्या ठिकाणाहून तिच्या खात्यात शिरू पाहिलं, तर आईच्या फोनवर विचारणा येते की तुम्हीच आहात का. इथून होकार दिल्याशिवाय दार उघडत नाही.

तेव्हा आईचं सगळं आता नीट बंदोबस्तात आहे. काळजी नसावी.

तिकडे थंडी ओसरली असेल.

बाबा


३ एप्रिल २०२५

प्रांजली,

आधीचं पत्र पोचलं की नाही माहीत नाही. पोचलं नसेल तर हेच आधी वाच.

काल मावशीचा फोन आला. हॅलोसुद्धा म्हणाली नाही.

"भावजी, ताईच्या फोनला हात लावलासा काय?"

मी म्हटलं, "लावला. का?"

"काय काढलासा त्यातनं?"

मी तक्ता आणून नऊ नावं वाचून दाखवली. किचनवॉलपाशी तिनं मला थांबवलं.

"ते प्रांजलीचं होतं हो. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाटीएवढी काच आहे. ताई फोनमध्ये जे लिहायची ते तिथं दिसायचं. सात वर्षं दिसत होतं. आता कोरी झालीया. पोरगी फोनवर रडत होती."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

मावशी म्हणाली, "तुम्हांला कधी काय माहीत असतंय?" आणि फोन ठेवला. मग पुन्हा केला आणि जेवण झालं का विचारलं.

त्यानंतर मी आईचं कॅलेंडर उघडलं. आतापर्यंत उघडलं नव्हतं.

तुला आठवत असेल, क्वार्टरमध्ये गॅसच्या शेगडीशेजारी भिंतीवर कालनिर्णयाची पानं असायची आणि ती त्यांवर बारीक अक्षरात लिहायची. गॅस लावला, दूध नको, पापडखार आणणे. मग एके दिवशी तिनं ते बंद केलं आणि सगळं फोनमध्ये लिहायला लागली. भिंतीवरचं कॅलेंडर नुसतं तारखा बघायला राहिलं. आमच्या घरात आता कॉम्प्युटर विभाग उघडला, असं मी चारचौघांत म्हणायचो. ती हसायची. कारण कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

कॅलेंडरमध्ये मागचं तर आहेच, पण पुढचंही आहे. हे मला कळायला वेळ लागला. तिनं पुष्कळ नोंदी दर वर्षी परत येतील अशा लावून ठेवल्या आहेत. अशी नोंद लावताना फोन विचारतो, कधीपर्यंत. त्यापुढे तिनं सगळीकडे 'कायम' निवडलं आहे. मी पुढचं वर्ष पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. २०३१ च्या संक्रांतीला तीळ भाजताना गॅस बारीक ठेवायला सांगितलं आहे. तिथे मी थांबलो.

म्हणजे जानेवारीनंतरही तुझ्या भिंतीवर ती रोज काहीतरी सांगत होती. फोन बंद करू नका, असं तू म्हणालीस ते यासाठी. मी फोन बंद केला नाही आणि नेमकं तेवढंच बंद केलं.

दर सोमवारी संध्याकाळी सहाची एक नोंद आहे. 'हे फिरायला. प्रांजलीचा फोन.' सोमवारी ती मला पिटाळायचीच. पाऊस असला तरी छत्री हातात द्यायची. माझ्या साखरेची काळजी म्हणून, असं मी समजत होतो.

पाडव्याच्या सकाळी तिच्या फोनवर काही विचारणा आली होती, असं वाटतं. यंदा गुढी नव्हती, पण मी देवपूजेत होतो. नीट पाहिलं नाही. ती तुझी होती का?

ते ॲप मी परत जोडून देतो. बसवंतांना उद्याच बोलावलं आहे. एकदोन दिवसांत तुझी काच पूर्वीसारखी होईल.

बाबा


११ एप्रिल २०२५

प्रांजली,

एकदोन दिवसांत होईल असं लिहिलं होतं, ते झालेलं नाही. का झालं नाही ते सांगतो.

बसवंत आले. मी फोन पुढे करून म्हटलं की त्या किचनवॉलला परत आत घ्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"स्वल्प थांब. परत घ्या म्हणजे? ते आपल्याला करता येत नाही."

"काढता आलं ना?"

"काढणं आपल्या हातात. देणं नाही. तिकडून मागायला लागतंय. ते म्हणणार, मी आत येऊ काय. मग आपण हो म्हणायचं. कोणी मागितलंच नाही तर हो कोणाला म्हणणार तू?"

मी म्हटलं, हे उलट आहे. आमच्याकडे गेटपास रद्द केला तर ज्यानं रद्द केला तोच नवा देतो.

"तुझा कारखाना वेगळा, हे वेगळं. आमच्या ट्रंक कॉलसारखं आहे बघ. खुंटी उपटून टाकायला मी एकटा पुरतो. पण कॉल पाहिजे तर पलीकडच्या माणसानं लावायला लागतो. मी नुसता खुंटी हातात धरून बसलो तर काय होतंय?"

मी त्यांना तीनदा करून पाहायला लावलं. शेवटी ते म्हणाले, "पोरीला फोन कर आणि सांग ना, माग म्हणून. त्यात काय एवढं?" मी फोन परत चार्जिंगला लावला, तसे ते 'सरी', म्हणजे बरं, म्हणून उठले आणि चहा न घेता गेले. दुसऱ्या दिवशी आले, पण तो विषय काढला नाही. चांगला माणूस आहे.

त्यात काय एवढं, हे तुला आणि मला माहीत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तू शेवटचं जे बोललीस ते याच घरात, याच टेबलापाशी. "बाबा, यापुढे मी तुमच्याकडे काही मागणार नाही." आवाज चढवला नव्हतास. तो शब्द तू पाळलास. पुण्याला घर लावलंस, तिकडची नोकरी धरलीस, मग परदेशात आईंधोवनला गेलीस, कशासाठीही विचारलं नाहीस. आईसाठी आलीस तेव्हा पाणीसुद्धा स्वतः घेऊन प्यायलीस. ते मी पाहिलं होतं.

आणि आता मी अशा ठिकाणी येऊन अडकलो आहे की तू मागितल्याशिवाय मला देता येत नाही.

बसवंतांनी नंतर एका कागदावर सगळी पद्धत लिहून दिली. तुझ्या काचेवर 'जोडा' असं काहीतरी असेल. तिथे आईचा पत्ता आणि पासवर्ड घालायचा. पासवर्ड मला माहीत नाही. खातं तूच उघडून दिलं होतंस, तेव्हा तो तुझ्याकडेच असणार. मग तुझ्याकडे एक आकडा दिसेल आणि इथे आईच्या फोनवर तीन आकडे येतील. त्यांतला तुझा कोणता ते ओळखून मी दाबायचं. विचारणा थोडाच वेळ थांबते, मग निघून जाते. म्हणजे त्या वेळी तू मला फोन करून आकडा सांगायला हवास.

कारखान्यात तपासलेल्या मालाच्या कोठीला दोन कुलपं असायची, तुला माहीत आहे. एक किल्ली कोठीवाल्याकडे आणि एक तपासणीवाल्याकडे. दोघं एका वेळी आल्याशिवाय दार उघडत नसे. हे तसंच झालं आहे. दुसरं कुलूप मीच नेऊन घातलं.

कॅलेंडरबद्दल एक सांगायचं राहिलं. तुलाही त्यात लिहिता येत होतं, हे मी विसरलो होतो. तुमच्या दोघींचं बोलणं त्यात आहे. मी ते वाचलेलं नाही. एकच वाचलं, आणि तेही माझ्या निवृत्तीची तारीख म्हणून उघडलं गेलं. ३० सप्टेंबर २०१९. आईनं लिहिलं आहे, 'ह्यांचा शेवटचा दिवस. हार आणि घड्याळ. घरी येऊन शिक्का टेबलावर ठेवला. बोलले नाहीत.'

त्याखाली तू लिहिलं आहेस, 'जेवले का?'

तेव्हा तुला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

त्यापुढे मी काही उघडलं नाही. ते तुमचं आहे.

बाबा


२२ एप्रिल २०२५

प्रांजली,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली.

मेल लिहिता येतो मला. पण मेलला उत्तर आलं नाही, तर ते संध्याकाळपर्यंत कळतं. पत्राला पंधरा दिवस लागतात. म्हणून पत्र लिहितो.

मागं मी लिहिलं होतं की पाडव्याला विचारणा आली ती नीट पाहिली नाही. ते खरं नाही.

मी पूजेतही नव्हतो, ती आधीच झाली होती. साडेअकराच्या सुमाराला खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. आईचा फोन वाजला. स्क्रीनवर लिहिलं होतं, कुणीतरी तुमच्या खात्यात यायचा प्रयत्न करत आहे, तुम्हीच आहात का. खाली गावाचं नाव होतं. आईंधोवन. मी ते वाचलं. चष्मा लावलेला होता.

बसवंतांनी सांगून ठेवलं होतं की परदेशातली अनोळखी जागा दिसली की सरळ नाही दाबायचं. पण आईंधोवन मला अनोळखी नव्हतं. इथलं आणि तिथलं घड्याळ रोज मनात लावणारा माणूस आहे मी. तू असशील हे मला कळलं होतं. काय हवं आहे ते कळलं नव्हतं. मनात एवढंच आलं की ही आताही मला न विचारताच आत येते आहे. आणि मी 'नाही' दाबलं.

त्या दिवशी कॅलेंडरमध्ये आईची नोंद आहे, यंदाच्या पाडव्याची तारीख पाहून आधीच लावून ठेवलेली. 'गुढीला कडुलिंब, पंधराव्या क्रॉस रस्त्याच्या कोपऱ्यावरचं झाड. सकाळीच जाणे, नंतर फांद्या उरत नाहीत.' तुझ्याकडे त्या जागी कोरी काच असणार. तेवढ्यासाठी तू आली होतीस.

हे लिहिलं, तेव्हा दुसरंही लिहायला पाहिजे.

२०१८ च्या सप्टेंबरात आपल्या कारखान्यात त्या व्हॉल्व्हांची दाबाची चाचणी होती. अठ्ठेचाळीस तास दाब धरायचा होता. माल लवकर पाठवायचा म्हणून वीस तासांनी दाब मोजायचं गेज उतरवलं आणि वहीत अठ्ठेचाळीस लिहिले. तपासणीची सही तुझी होती, ती तू नाकारलीस. चौकशी बसली. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही त्या संध्याकाळी चाचणीच्या खोलीवरून गेला होतात. एक ओळ लिहून द्या, बस." समितीनं मला विचारलं. मी लिहून दिलं, 'माझ्या पाहण्यात आले नाही.'

माझ्या पाहण्यात आलं होतं. संध्याकाळी सहाला मी तिथून गेलो. गेज नव्हतं. ते बाकावर एका फडक्यावर ठेवलेलं होतं आणि नळीच्या तोंडाला लाकडी बूच होतं. मी थांबून पाहिलं. मग घरी आलो. आईनं पोहे केले होते.

निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. तुझ्याऐवजी सही करणारा साहेब माझ्या हाताखाली शिकलेला होता. मला भीती वाटली. कसली, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या व्हॉल्व्हांचं पुढे काही वाईट झालं नाही, पण त्यात माझा काही वाटा नाही. तू खोटी ठरलीस आणि नोकरी सोडलीस. मी निवृत्तीपर्यंत राहिलो.

आईनं मला एकदाच विचारलं होतं, "तुम्ही पाहिलं होतं का?" मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, हे आता कुणाला विचारणार? कॅलेंडरमध्ये बहुतेक सापडेल. मी पाहणार नाही.

तुला हवी होती ती ओळ वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहे. तारीख आणि वेळ घातली आहे, सही केली आहे. खाली तपासणीचा शिक्काही मारला आहे. निवृत्तीच्या दिवशी कानशीनं त्यावर खाच पाडून मला आठवण म्हणून परत दिला होता. म्हणून आता तो कुठे चालत नाही. उमटतो तेवढा उमटला आहे.

या कागदाचा तुला काही उपयोग नाही, मला माहीत आहे. सात वर्षं उशीर झाला आहे. याच्या बदल्यात तू काही करावंस असंही नाही.

पण काचेचं काम वेगळं आहे. ते आईचं आहे. तेवढ्यासाठी, तुझा शब्द बाजूला ठेवता आला तर, एकदा माग. माझ्याकडे मागायचं नसेल तर तिच्याकडे माग. मी फक्त बोट लावीन.

१८ मेपासून दर रविवारी दुपारी चार ते सहा मी दोन्ही फोन समोर घेऊन बसेन. तुझ्याकडे तेव्हा साडेबारा वाजलेले असतील. त्या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. मी कुठे जाणार आहे?

बाबा


१८ मे २०२५

प्रांजली,

आज बसलो होतो. काही आलं नाही. पत्र उशिरा पोचलं असेल, टपालाचं तसंच असतं.

आजची आईची नोंद तुझ्याकडे दिसत नसेल, म्हणून लिहून पाठवतो. 'चिकपेट. ह्यांना पंचे, जुन्यांची फडकी करणे. तिथून येताना चालत येऊ देऊ नये.' दर वर्षीची आहे. एकटाच जाऊन दोन पंचे आणले. मेट्रोनं आलो.

उद्याची आहे, 'लोणच्याची बरणी हलवणे.' बरणी आहे. गेल्या वर्षी तिनं घातलेलं थोडं उरलं आहे. हलवीन.

बाबा


२ जून २०२५

प्रांजली,

कालचं सगळं तुला माहीतच आहे, तरी लिहितो. तुला दिसलं ते तिकडचं. इकडे काय झालं ते तुला कळायला हवं.

दुसऱ्या रविवारीही काही आलं नव्हतं. काल बसवंत साडेतीनलाच मद्दूर वडे घेऊन आले आणि ठाण मांडून बसले. चार वाजत आले तशी माझी चुळबूळ सुरू झाली. ते म्हणाले, "अण्णा, मला घालवायचं असलं तर वडे खाऊन घालव." मी म्हटलं, "वडे घेऊन जा." ते दोन ठेवून गेले. जिन्यात थांबून ओरडले, "आकडा बघून दाब. घाई करू नको."

चार वीसला आईचा फोन वाजला. तुम्हीच आहात का, असं विचारत होता. खाली तुझं गाव आणि तीन आकडे. बारा, सत्तेचाळीस, शहाऐंशी. मी नुसता बघत राहिलो. मग माझा फोन वाजला.

तू म्हणालीस, "मी आहे."

मी हो म्हटलं.

"मी इकडून मागितलंय. तिकडे आलं का?"

"आलं."

"सत्तेचाळीसवर दाबा."

"किती?"

"सत्तेचाळीस. चाळीस आणि सात."

मी दाबलं. मग आणखी एक प्रश्न आला, किचनवॉलला कॅलेंडर पाहू द्यायचं का, लिहू द्यायचं का. तो प्रश्न तुझ्याच काचेवर आला होता म्हणा, पण तू तो मला वाचून दाखवलास आणि थांबलीस. मी म्हटलं, "दोन्ही." मागे भांडं ठेवल्याचा आवाज आला. नंतर म्हणालीस, "आलं."

माझ्यासमोरच्या फोनवर तेच होतं, तरी मी विचारलं, "आज काय लिहिलंय?"

तू वाचलंस, "एक जून, दर वर्षी. ह्यांचे कान दाखवणे."

आणि त्याच्यापुढचंही वाचलंस. 'डॉक्टर म्हणतात ठीक आहेत.'

तेव्हा तू हसलीस. मी तुझं हसणं सात वर्षांनी ऐकलं. म्हणालीस, "तरीच किती म्हणून विचारलंत. कधी दाखवले होते शेवटचे?" मी म्हटलं, गेल्या जूनमध्ये, आईबरोबर. तू म्हणालीस, यंदाही दाखवून घ्या, इतकी वर्षं त्या मशिनांच्या आवाजात काढलीत. मी बरं म्हटलं.

मग म्हणालीस, "पत्र मिळालं. शिक्क्याचं." मी वाट पाहिली. पुढचं विचारलं नाही. तो कागद ठेवलास की टाकलास, ते तुझ्याकडे राहू दे. फोन ठेवताना तू 'येते' म्हणालीस. आईसारखं.

संध्याकाळी मी आईच्या कॅलेंडरमध्ये पहिल्यांदा लिहिलं. काय लिहावं ते कळेना. शेवटी सिलिंडर बदलला होता म्हणून 'गॅस लावला' असं लिहिलं. तुझ्या भिंतीवर आलं असेल. अक्षर छापील असतं, त्यामुळे कुणी लिहिलं ते कळत नाही. यापुढे माझ्या नोंदींपुढे 'बाबा' असं लिहीन, म्हणजे तिच्या आणि माझ्या एकमेकांत मिसळणार नाहीत.

सोमवारी सहाची नोंद तशीच आहे. 'हे फिरायला. प्रांजलीचा फोन.' मी ती बदललेली नाही. पण आज सोमवार आहे, आणि मी सकाळीच फिरून आलो आहे.

बाबा

ता. क. आज डॉक्टरांकडे गेलो नाही. कान ठीक आहेत. सत्तेचाळीस मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.